जादा वॅटच्या चार्जिंग केबलची सुरक्षित निवड

शेतीस लागणाऱ्या वस्तूची पारख करून ती घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. दोर घेताना त्याचा पीळ पाहिला जातो, विळा घेताना त्याचे पाणी पाहिले जाते आणि बियाणे घेताना दाणा तळहातावर घेऊन पारखला जातो. परंतु घरोघरी व बांधाबांधावर पोहोचलेल्या एका वस्तूच्या बाबतीत ही पारख अद्याप होत नाही. ती वस्तू म्हणजे मोबाईल, टॅबलेट व लॅपटॉप चार्ज करण्याची केबल होय.

आजच्या शेतीव्यवहारात या उपकरणांचे स्थान मोठे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून करावी अशी व्यवस्था आली. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, अनुदानाचे अर्ज व बँकेचे व्यवहार याच मार्गाने होतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याचे पंचनामे व अहवालही याच उपकरणांतून जातात. ऐन वेळी उपकरण बंद पडले तर काम अडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सदोष केबल तापून उपकरणाची हानी होऊ शकते आणि प्रसंगी आगही लागू शकते. ज्या घरात वेचलेला कापूस खोलीत साठविलेला असतो किंवा गोठ्याच्या माळ्यावर कडबा भरलेला असतो, त्या घरात हा धोका क्षुल्लक मानता येणार नाही.

अलीकडे चार्जरची शक्ती झपाट्याने वाढली आहे. पूर्वी मोबाईलचा चार्जर ५ वॅटचा असे. आता ३३, ६५ व १०० वॅटचे चार्जर सामान्य दुकानात मिळतात. शक्ती वाढली म्हणजे तारेवरचा भार वाढला. सबब केबलची निवड कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

१. सारखे तोंड, निरनिराळे अंतरंग

हल्लीच्या बहुतेक उपकरणांस ‘यूएसबी टाइप-सी’ नावाचे लांबट गोल तोंड असते. ते उलटे वा सुलटे कसेही बसते. हा जोड २०१४ साली निश्चित करण्यात आला. भारतीय मानक ब्यूरोने तो भारतीय मानक म्हणून स्वीकारल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने विक्रीस येणाऱ्या मोबाईलना हेच तोंड सक्तीचे आहे. एकच केबल घरातील सर्व उपकरणांस चालावी, हा यामागील हेतू चांगला आहे.

परंतु त्यातूनच एक अडचण उत्पन्न झाली आहे. सर्व केबलींचे तोंड सारखे दिसत असले, तरी आतील तार सारखी नसते. साठ वॅट वाहून नेणारी केबल व दोनशे चाळीस वॅट वाहून नेणारी केबल टेबलावर शेजारी ठेवल्यास वरून फरक कळत नाही. त्यांच्याच जोडीस तिसरी, नुसतीच तशी दिसणारी निकृष्ट केबल ठेवली, तर तीही ओळखू येत नाही. तोंड बसले म्हणजे केबल योग्य आहे, असे समजणे चुकीचे होय.

२. दाब, प्रवाह व उष्णता

विजेचे गणित समजण्यास पाण्याचे उदाहरण सोयीचे पडते. पाइपातील पाण्याला जसा दाब असतो, तसा विजेला व्होल्टमध्ये मोजला जाणारा दाब असतो. पाइपातून जसे पाणी वाहते, तसा तारेतून अँपिअरमध्ये मोजला जाणारा प्रवाह वाहतो. या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे शक्ती मिळते व ती वॅटमध्ये मोजतात. उदाहरणार्थ, २० व्होल्ट व ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट.

ठिबक संचात लॅटरल प्रमाणाबाहेर लांब नेली अथवा नळी बारीक घेतली, तर शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब पोहोचत नाही. वाटेतील घर्षणात तो खर्च होतो. तारेतही असेच घडते. तार बारीक व लांब असेल तर तिचा रोध वाढतो आणि दाब वाटेतच घटतो. मात्र एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवावा. विजेचा हा वाया गेलेला दाब उष्णतेच्या रूपाने त्याच तारेत प्रकट होतो. विहिरीवरील मोटारीस लांबून बारीक वायर ओढली की वायर तापते व मोटारही जळते, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. चार्जिंगची केबल ही त्याच नियमाची लहान आवृत्ती होय.

ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह एक अँपिअरवरून तीन अँपिअरवर नेला, तर त्याच तारेतील उष्णता तिप्पट न होता नऊपट होते. पाच अँपिअरला ती पंचवीसपट होते. जुन्या मंद चार्जरबरोबर वर्षानुवर्षे निर्धोक चाललेली केबल नव्या शक्तिमान चार्जरला जोडताच का तापते, याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

यावर उपाय म्हणून नव्या चार्जरमध्ये दाब वाढविण्याची योजना केलेली असते. साठ वॅट ५ व्होल्टने द्यावयाचे झाल्यास १२ अँपिअर प्रवाह लागेल. तेच २० व्होल्टने दिल्यास ३ अँपिअर पुरतात, आणि तारेतील उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. गावच्या डीपीपर्यंत वीज ११,००० व्होल्टने आणतात व तेथे दाब उतरवून मग घरोघरी देतात, त्यामागील कारण हेच आहे.

३. तारेची जाडी व लांबी

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हे प्रथम ध्यानात घ्यावे. केबलमध्ये वीज जाण्याची एक व परतण्याची एक अशा दोन वाटा असल्याने एक मीटर केबल म्हणजे विजेच्या दृष्टीने दोन मीटर तार होय. तांब्याच्या तारेची एक मीटर केबल घेतली असता ३ अँपिअर प्रवाहास काय घडते, ते पुढील कोष्टकावरून दिसेल.

२८ गेज (सुमारे ०.०८ चौरस मिलिमीटर) : रोध ०.४३ ओहम, दाबातील घट १.३ व्होल्ट, उष्णता ३.८ वॅट.
२४ गेज (सुमारे ०.२० चौरस मिलिमीटर) : रोध ०.१७ ओहम, दाबातील घट ०.५ व्होल्ट, उष्णता १.५ वॅट.
२० गेज (सुमारे ०.५२ चौरस मिलिमीटर) : रोध ०.०७ ओहम, दाबातील घट ०.२ व्होल्ट, उष्णता ०.६ वॅट.

केबल दोन मीटर घेतली की हे सर्व आकडे दुप्पट होतात. प्रवाह ५ अँपिअर केला, तर २८ गेजच्या एक मीटर केबलमधील उष्णता १० वॅटच्याही वर जाते. हातात धरावयाच्या बारीक केबलच्या दृष्टीने ही उष्णता फार आहे. टाइप-सी केबलच्या मानकाप्रमाणे पूर्ण प्रवाह चालू असता दाबातील एकूण घट, जाण्याची व येण्याची वाट मिळून, ०.७५ व्होल्टपेक्षा अधिक असू नये. कोष्टकातील २८ गेजची केबल ३ अँपिअरसाठी या कसोटीस उतरत नाही, हे उघड आहे. चोवीस गेजची केबल एक मीटर लांबीस चालते. दोन मीटर लांबीस तीही अपुरी पडते व अधिक जाड तार घ्यावी लागते.

यावरून लांबीसंबंधीचा नियम सहज निघतो. गरजेपेक्षा लांब केबल घेऊ नये. खाटेपर्यंत पोहोचावी म्हणून तीन मीटरची स्वस्त केबल घेण्याऐवजी एक मीटरची चांगली केबल घेऊन उपकरण सॉकेटजवळ ठेवावे.

तारेच्या धातूचाही विचार केला पाहिजे. काही स्वस्त केबलींत शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार घालतात. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असल्याने अशा तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा दीडपटीहून अधिक भरतो. शिवाय वारंवार वाकविल्याने ती लवकर तुटते. काही धागे तुटले म्हणजे उरलेल्या धाग्यांवर सर्व भार येतो व नेमकी तीच जागा तापते.

४. चार्जर, केबल व उपकरण यांची बोलणी

टाइप-सी चार्जर तोंड मोकळे असताना वीज सोडत नाही. उपकरण जोडलेले आहे अशी खूण मिळाल्यावरच तो प्रथम ५ व्होल्ट देतो. त्यानंतर केबलमधील एका स्वतंत्र बारीक तारेवरून चार्जर व उपकरण यांची बोलणी होतात. चार्जर आपणाजवळ ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट यांपैकी काय आहे ते सांगतो, आणि उपकरण आपणास सोसेल तेवढे मागून घेते. म्हणून १०० वॅटच्या प्रमाणित चार्जरला २० वॅटचा मोबाईल लावल्याने मोबाईल जळेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

या बोलण्यांत केबलचाही वाटा असतो. दोन्ही टोकांस टाइप-सी तोंड असलेली प्रत्येक प्रमाणित केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट, वाहून नेण्यास समर्थ असलीच पाहिजे असा नियम आहे. याहून अधिक प्रवाह नेणाऱ्या केबलच्या तोंडात एक लहानशी इलेक्ट्रॉनिक चिप बसविलेली असते. तिला ई-मार्कर म्हणतात. चार्जर तिला तिची क्षमता विचारतो. “मी पाच अँपिअरची आहे” असे उत्तर मिळाले तरच तो तीन अँपिअरच्या वर जातो. उत्तर न आल्यास तो तीनवरच थांबतो. मे २०२१ मध्ये या पद्धतीत सुधारणा होऊन २८, ३६ व ४८ व्होल्टचे दाब जोडण्यात आले, आणि ५ अँपिअरला कमाल शक्ती २४० वॅट झाली. त्यापूर्वीच्या ५ अँपिअरच्या केबली १०० वॅटपर्यंतच्या आहेत. त्या अद्याप वापरात आढळतात व तेवढ्या शक्तीपर्यंत त्या योग्यच आहेत.

यातून एक आश्वासक गोष्ट निष्पन्न होते. मोठ्या चार्जरला साठ वॅटची प्रामाणिक केबल लावली, तर धोका संभवत नाही. चार्जिंग थोडे सावकाश होते, इतकेच. कमी क्षमतेची केबल आपली क्षमता खरी सांगत असेल तोवर ती सुरक्षित असते. खरा धोका आपल्या क्षमतेविषयी खोटे सांगणाऱ्या केबलचा आहे.

५. खोटी खूण असलेल्या केबली

केबल खोटे कसे सांगते, हे समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीचे चौकोनी तोंड एका टोकास व टाइप-सी तोंड दुसऱ्या टोकास, अशा केबली अजून पुष्कळ वापरात आहेत. त्यांच्या टाइप-सी तोंडात ५६ किलो-ओहमचा एक रोधक असावा असे मानक सांगते. या रोधकावरून उपकरण समजते की, पलीकडे जुना चार्जर आहे व त्याच्याकडून बेताचाच प्रवाह घ्यावयाचा आहे. काही उत्पादकांनी त्या जागी १० किलो-ओहमचा रोधक बसविला. त्याचा अर्थ उपकरणाच्या लेखी ‘पलीकडे तीन अँपिअर देणारा चार्जर आहे’ असा होतो. मग उपकरण तेवढा प्रवाह ओढू लागते आणि दुबळा चार्जर किंवा संगणकाचे तोंड तापून निकामी होऊ शकते.

हा दोष २०१५ साली गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी पुढे आणला. ॲमेझॉनवर विक्रीस असलेल्या केबली एकामागून एक विकत घेऊन त्यांनी तपासल्या व प्रत्येकीचा निष्कर्ष जाहीर केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या हाती आलेल्या एका केबलमध्ये वीज जाण्याची व परतण्याची तार चक्क उलटसुलट जोडलेली होती. ती लावताच त्यांची तपासणीची साधने व लॅपटॉप बिघडला. पुढे मार्च २०१६ मध्ये ॲमेझॉनने मानकास न उतरणाऱ्या टाइप-सी केबली विकण्यास मनाई केली.

या घटनेपासून घ्यावयाचा बोध असा की, वरून नीटनेटकी दिसणारी केबल तज्ज्ञाच्याही नजरेस सदोष वाटत नाही. ती मोजल्यावरच कळते. सामान्य ग्राहकाजवळ मोजण्याची साधने नसतात. त्यामुळे ज्या उत्पादकाने केबल प्रमाणित करून घेतली आहे, त्याचीच केबल घेणे हा त्याच्या हातातील सर्वांत विश्वसनीय उपाय ठरतो. कापडी वेष्टन, लखलखीत रंग अथवा वेष्टनावर छापलेला ‘१२० वॅट’ हा आकडा यांवरून आतील तांबे कळत नाही. प्रमाणित बियाण्यास खूणचिठ्ठी असते व सुट्या बियाण्यास ती नसते, त्यातलाच हा प्रकार आहे.

६. गरजेप्रमाणे निवड

केबल घेण्यापूर्वी आपल्या उपकरणास किती शक्ती लागते ते चार्जरवर पाहावे. तेथे व्होल्ट व अँपिअर यांच्या जोड्या बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. त्यांतील सर्वांत मोठा गुणाकार म्हणजे त्या चार्जरची शक्ती. तदनंतर पुढीलप्रमाणे निवड करावी.

(अ) मोबाईल, लहान टॅबलेट व पॉवर बँक : दोन्ही टोकांस टाइप-सी असलेली ६० वॅटची, एक मीटर लांबीची प्रमाणित केबल बहुधा पुरेशी होते.

(आ) लॅपटॉप : ४५ वॅटच्या चार्जरला ६० वॅटची केबल चालते. ६५ वॅटचा चार्जर २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो, म्हणजे तीन अँपिअरची मर्यादा थोडक्यात ओलांडतो. त्याची पूर्ण शक्ती हवी असल्यास ई-मार्कर असलेली ५ अँपिअरची केबल घ्यावी. आता नवी केबल घ्यावयाची असल्यास २४० वॅटची घेणे सोयीचे होय. ती कमी शक्तीच्या उपकरणांसही बिनधोक चालते.

(इ) स्वतःची वेगळी शीघ्र-चार्जिंग पद्धती असलेले मोबाईल : काही उत्पादक आपल्या मोबाईलसाठी निराळी पद्धती वापरतात व तीत ६ अँपिअरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक प्रवाह जातो. त्यांच्यासाठी मोबाईलबरोबर मिळालेली केबल किंवा त्याच उत्पादकाची केबल वापरावी. दुसरी प्रमाणित केबल लावल्यास चार्जिंग सावकाश होते, पण हानी होत नाही.

(ई) बॅटरीवरील फवारणी पंप व फवारणीचे ड्रोन : यांचे चार्जर सर्वस्वी निराळे असतात. त्यांच्या पिनांत फेरफार करून किंवा जोडतोंड लावून मोबाईलचा चार्जर वा केबल त्यांना कदापि जोडू नये.

७. खरेदी करताना पाहावयाच्या गोष्टी

१) केबलवर किंवा वेष्टनावर वॅट व अँपिअर दोन्ही स्पष्ट लिहिलेले असावेत. नुसते ‘फास्ट चार्जिंग’ असे शब्द असल्यास त्यास किंमत देऊ नये.

२) यूएसबी संघटनेने प्रमाणित केलेल्या टाइप-सी केबलच्या खुणेत ६० किंवा २४० हा वॅटचा आकडा असतो. अशी खूण असलेल्या केबलीस पसंती द्यावी.

३) उत्पादकाचे नाव, पत्ता व कमाल किरकोळ किंमत वेष्टनावर आहे की नाही ते पाहावे. पक्की पावती घ्यावी. सदोष वस्तू परत करताना पावतीवाचून तक्रार उभी राहत नाही.

४) चार्जर व पॉवर बँक यांवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह व इंग्रजी ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असणे कायद्याने आवश्यक आहे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर घालून पडताळता येतो. चांगली केबल निकृष्ट चार्जरला लावून काही साधत नाही. म्हणून दोन्ही तपासावे.

५) एका केबलला तीन निरनिराळी तोंडे असलेला प्रकार, चुंबकाने चिकटणारी तोंडे, आणि टाइप-सी केबल वाढविण्याच्या जोडकेबली जादा शक्तीसाठी घेऊ नयेत. टाइप-सीच्या मानकात अशा वाढीव जोडकेबलीस स्थान नाही. जोड वाढला की रोध वाढतो, आणि चार्जरला केबलची खरी लांबी व क्षमता कळत नाही.

६) आठवडे बाजारात ढिगातून मिळणारी सुटी केबल थोड्या पैशांत मिळते हे खरे. परंतु तिच्यापायी जो मोबाईल वा लॅपटॉप पणास लागतो, त्याची किंमत तिच्या शेकडोपट असते.

८. वापर व निगा

चांगली केबलही हेळसांडीने धोकादायक बनते. शेतकरी घरात या बाबतीत काही विशेष दक्षता घेणे इष्ट आहे.

जोडाची स्वच्छता : टाइप-सी तोंडात २४ बारीक संपर्कबिंदू असतात. शेतातील धूळ, पिठाचे कण व खताची भुकटी त्यांत शिरते. युरियासारखे खत हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे संपर्कबिंदू गंजतात. गंजलेल्या वा सैल जोडात केवळ ०.२ ओहम रोध वाढला, तरी ३ अँपिअरला त्या एका टोकावर १.८ वॅट उष्णता साचते. लहानशा जागेतील ही उष्णता प्लॅस्टिक मऊ करण्यास पुरते. म्हणून केबल खतांच्या व औषधांच्या कपाटात ठेवू नये. तोंडातील धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. टाचणी किंवा तार घालून कोरू नये.

ओलावा : पावसात भिजलेला मोबाईल किंवा घामाने ओले झालेले तोंड लगेच चार्जिंगला लावू नये. तोंड खाली करून पाणी निथळू द्यावे व पूर्ण कोरडे झाल्यावरच केबल जोडावी. ओल्या हाताने सॉकेटजवळ जाऊ नये.

ऊन : प्रमाणित जोडाचे तापमान पूर्ण प्रवाहास सभोवतालच्या हवेपेक्षा ३० अंशांहून अधिक वाढू नये, अशी मानकाची मर्यादा आहे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. त्यात तीस अंश मिळविल्यास जोड ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. यास्तव पत्र्याच्या छपराखाली, उन्हात ठेवलेल्या गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जादा शक्तीने चार्जिंग करू नये.

जागा : अंथरूण, गोधडी, कापसाचा ढीग, कडबा, सरपण व रॉकेल वा डिझेलचा डबा यांपासून चार्जिंगची जागा दूर असावी. फरशी, लाकडी फळी किंवा भिंतीवरील कोरडा कोनाडा योग्य होय. रात्री सर्व झोपी गेल्यावर उशाखाली मोबाईल चार्ज करण्याची सवय सोडावी.

हाताळणी : केबल ओढून काढू नये, तोंड धरून काढावी. तोंडाजवळ काटकोनात वाकवू नये. गुंडाळताना मोठा वेटोळा करावा. चार्जिंग चालू असता केबलचे भेंडोळे करून ठेवू नये. त्यामुळे उष्णता आतच कोंडते. उंदीर वेष्टन कुरतडतात, म्हणून धान्याच्या कोठीत केबल ठेवू नये.

९. गावात करावयाचे प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात किंवा बचत गटाच्या बैठकीत पुढील तीन सोप्या चाचण्या करून दाखवाव्यात.

पहिली चाचणी, स्पर्शाची : अर्ध्याहून कमी चार्ज असलेला मोबाईल लावून वीस मिनिटांनी केबलची दोन्ही तोंडे व मधला भाग हाताने पाहावा. कोमट लागल्यास हरकत नाही. बोट टेकवून ठेवणे नकोसे व्हावे इतकी तापल्यास ती केबल बाद समजावी. एकच टोक तापत असेल, तर दोष जोडात आहे असे समजावे.

दुसरी चाचणी, मीटरची : मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात अथवा बाजारात लहान यूएसबी मीटर मिळतो. तो केबलच्या उपकरणाकडील टोकास जोडावा व व्होल्ट आणि अँपिअर टिपून घ्यावेत. चार्जर व मोबाईल तेच ठेवून निरनिराळ्या केबली लावून पाहाव्यात. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर एका केबलने ४.८ व्होल्ट दाखविले आणि तेवढ्याच प्रवाहास दुसरीने ४.२ दाखविले, तर दुसऱ्या केबलमध्ये वाटेत किती नासाडी होत आहे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर येते.

तिसरी चाचणी, तारेची : एक जुनी निकामी केबल सर्व बाजूंनी मोकळी करून मधोमध कापावी. तारेचे धागे मोजून त्यांची जाडी चांगल्या केबलच्या तुकड्याशी ताडून पाहावी. तारेच्या कापलेल्या तोंडाशी तांबडा रंग दिसल्यास ती तांब्याची आहे. वरून तांबडी व आत पांढरी दिसल्यास मुलाम्याची आहे. काही चांगल्या तारांना बाहेरून कथिलाचा पांढरा लेप असतो, पण त्यांचा आतील भाग तांबडाच असतो. म्हणून वरच्या रंगावर न जाता कापलेले तोंड पाहावे.

१०. केबल बाद केव्हा करावी

वेष्टन फाटून तार दिसू लागली, तोंड काळे पडले, प्लॅस्टिक वितळल्यासारखे दिसले, जोड सैल होऊन चार्जिंग थांबते-चालते असे होऊ लागले, अथवा जळका वास आला, तर केबल तत्काळ वापरातून काढावी. तिला चिकटपट्टी गुंडाळून काम चालवू नये. बाद केबल मधून कापून टाकावी, म्हणजे घरातील दुसरे कोणी ती नकळत वापरणार नाही.

चार्जिंग चालू असता धूर किंवा ठिणगी दिसल्यास प्रथम भिंतीवरील बटण बंद करावे, मगच प्लग काढावा. वीज चालू असताना पाणी ओतू नये. कोरडी माती किंवा वाळू टाकावी. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती दाबू नये, टोचू नये व पुन्हा चार्जिंगला लावू नये.

सारांश

चार्जिंग केबलची शक्ती तिच्या वेष्टनावरील मोठ्या आकड्यात नसून तारेच्या जाडीत, धातूच्या शुद्धतेत, बेताच्या लांबीत व खऱ्या खुणेत आहे. साधारण मोबाईलला ६० वॅटची, मोठ्या लॅपटॉपला ५ अँपिअरची ई-मार्कर असलेली, आणि स्वतंत्र पद्धतीच्या मोबाईलला त्याच्याच उत्पादकाची केबल घ्यावी. केबल आखूड घ्यावी, प्रमाणित घ्यावी, पावतीसह घ्यावी. कोरड्या व मोकळ्या जागी चार्जिंग करावे आणि तापणारी केबल त्याच दिवशी बाद करावी.

मोटारीची वायर घेताना जो शेतकरी गेज विचारल्यावाचून पैसे मोजत नाही, त्याने मोबाईलच्या केबलबाबतही तोच प्रश्न दुकानदारास विचारावा. कार्यकर्त्यांनी येत्या बैठकीत आपापल्या गावात निदान एकदा तरी वरील प्रात्यक्षिके करून दाखवावीत, आणि घरोघरी वापरात असलेल्या तापणाऱ्या केबली शेतकरी बंधू-भगिनींकडून बाद करून घ्याव्यात.